कर्णिका

मनगटावर तीन बोटं ठेवून कुमुद डोळे मिटते.
एकशे अठ्ठावीस. नाही, थांबा.
एकशे चार?
मग मोजणंच सोडून देते.
जिन्यावरून सांडलेले वाटाणे
कुणी मोजलेत आजवर?

इंदूरच्या तारघरात माझी एकतीस वर्षं गेली.
आधी मोर्स, मग टेलिप्रिंटर, शेवटी नुसत्या खुर्च्या.
पण ती पहिली दहा!
कानाला फोन, हातात पेन्सिल,
पलीकडचा माणूस न बघता ओळखायचो
त्याच्या बोटांवरून.
खंडव्याचा एकजण डॅश जरा ओढायचा,
तोंडात सुपारी असल्यासारखा.
रतलामच्याला कायम घरी जायची घाई.

मग हा आतला कोण?
चौऱ्याहत्तर वर्षं एकाच लाइनीवर
आणि आता त्याचा हात ओळखू येत नाही.
पाठवतोय, पाठवतोय,
शब्द कुठे तुटतो कळत नाही,
पत्ता तर नाहीच.

परवेजने छातीला वायरी चिकटवल्या, कमरेला डबी.
‘भिया, चोबीस घंटे. नहाना नी है.
जो भी करो, टाइम डाल के लिख देना.’
लिहिलं.
सात दहा, पोहे.
(दुसरी बशी लिहिली नाही.)
साडेअकरा, वीज गेली, तीन मजले पायी.
दुपारी दोन, काही नाही, गॅलरीत बसलो होतो.
अहवालात सगळ्यात जास्त तेव्हाच: एकशे छप्पन्न.
आणि पहाटे सव्वातीनला
अडीच सेकंदांची एक रिकामी जागा,
जिच्यात मी बहुधा झोपलो होतो.

डॉक्टर निगम कागदावर पेरू काढतात,
त्याला चार खोल्या पाडतात.
वरच्या खोलीवर पेन टेकवून म्हणतात, अलिंद.
‘कर्णिका,’ कुमुद म्हणते,
सव्वीस वर्षं आठवीच्या मुलींना शिकवल्यासारखी.
वर कर्णिका, खाली जवनिका.
कर्णिका म्हणजे छोटा कान,
जवनिका म्हणजे पडदा.
हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं
की माझ्या आत कान आहेत.

डावा कान आता आकसत नाही, नुसता थरथरतो.
त्याच्या पाळीत रक्त रेंगाळतं,
रेंगाळलं की विरजतं,
आणि त्यातली एक कवडी सुटली
तर सरळ डोक्याकडे.
म्हणून रात्रीची गोळी,
दर पंधरवड्याला सुई,
मेथी रोज तेवढीच, ना कमी ना जास्त.
दाढी करताना कापलं तर
तुरटीचा खडा अर्धा तास धरून उभा राहतो
मी आरशासमोर, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

सत्याहत्तर साली देवासहून तार आली होती.
ड्यूटीवर मीच.
पत्त्यात माझंच नाव उतरत गेलं,
पेन्सिल थांबली नाही.
फादर पॅरॅलिसिस स्टार्ट सून.
खाली वेळ टाकली, सही केली,
मग उठलो.
अण्णांची नाडी कुणी बघितली असेल का त्याआधी?
बघितली असेल, तर सोडून दिली असेल
वाटाण्यांसारखी.

आता रोज सकाळी चहाआधी
कुमुद माझी परीक्षा घेते.
हसा.
दोन्ही हात वर, डावा खाली येतोय का बघू.
आता एक वाक्य बोला, पूर्ण, क्रियापदासकट.
मी म्हणतो, आज दूध नासलंय.
मी म्हणतो, लघाटेबाई, तुमचा चष्मा उलटा आहे.
जिभेत अडखळ नाही एवढंच ती ऐकते,
बाकी वाक्य वाया जातं.

आज काही बोललो नाही.
तिचा हात ओढून घेतला
आणि तळव्यावर बोटाने तिचं नाव पाठवलं,
सावकाश, डॅश नीट ओढून,
खंडव्याच्या त्या माणसासारखं.
तिला मोर्स येत नाही.
डोळे मिटून ती मोजत होती.

चौदा, म्हणाली.
आणि एकसारखे नाहीत.